दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये

माझ्या मोठ्या भावानं ती गाडी भंगारातून आणली, तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. दोन दारांची, बुटकी, एका अंगानं चेपलेली गाडी होती. दादा जवळा बाजारला एका गॅरेजात कामाला होता. गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली त्यानं तिचं छत कापलं, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडला आणि स्वतःची सोडून बाकीच्या सीटा काढून टाकल्या. आठवडी बाजाराला आलेली माणसं थांबून बघायची.

"ह्याच्यात बसतं तरी कोण?"

"मी एकलाच," दादा म्हणायचा. "पळवायची हाय."

औरंगाबादकडं मातीच्या मैदानावर गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. जुने टायर मांडून वेडीवाकडी वाट आखायची, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. दादा पहिल्यांदा जाऊन आला तेव्हा त्याच्या कानात, पापण्यांत, दातांत माती होती. नंबर मधेच कुठं तरी आला होता. पण पुढचे कितीतरी दिवस तो जेवताना ताटाभोवती बोट फिरवून आम्हाला वळणं दाखवत होता. "पहिला गिअर सुटताना एकदाच," तो सांगायचा. "चौथा लागतच न्हाई. समदा खेळ दुसऱ्यातून तिसऱ्यात अन् तिसऱ्यातून दुसऱ्यात. डावा हात जेवढा चालाख, तेवढी गाडी चालाख."

बापाला ते काही पटत नव्हतं, पण पोरगं दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, एवढ्यावर तो गप्प होता. माय म्हणायची, "खेळू दे. लहानपणी त्याला खेळणं कुठं भेटलं?"

मी तेव्हा हिंगोलीला आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथच्या यंत्रावर लोखंड कातायचा कोर्स करत होते. आमच्या तुकडीत आम्ही दोघीच मुली. जवळा बाजारहून पास काढून एसटीनं जाणं-येणं करायचे. शेवटच्या परीक्षेच्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना लाइट गेली. ती परत येऊन आमचं काम पुरं होईपर्यंत माझी नेहमीची गाडी निघून गेली होती आणि पुढची आलीच नाही. मी डेपोजवळच्या बूथवरून गॅरेजला फोन लावला. दादा म्हणाला, "तिथंच थांब. मी येऊन राहिलो."

तो मोटरसायकल घेऊन आला. परत जाताना औंढा ओलांडल्यावर एका वळणावर गाडी घसरली. मी तोंडाला ओढणी गुंडाळून त्याच्या पाठीमागं डोळे मिटून बसले होते. मला आठवतो तो नुसता घासल्याचा आवाज, आणि नंतर मी दादाच्या अंगावर पडलेली. तो माझ्याखाली होता आणि त्याचा डावा हात त्याच्याखाली. मी उठून उभी राहिले, कपडे झटकले. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो उठला तेव्हा त्याचं मनगट भलतीकडंच वळलेलं होतं.

"खडी आली चाकाखाली," तो म्हणाला. पुढंही सगळ्यांना त्यानं हेच सांगितलं.

प्लास्टर काढल्यावर हात दिसायला बरा दिसत होता. पण मनगट अर्धंच वळायचं आणि मूठ आवळली जायची नाही. टॉवेल पिळायचा म्हटलं तरी तो दुसरं टोक उजव्या पायाखाली धरायचा. गॅरेजात मालकानं त्याला काढलं नाही, पण जड काम दुसऱ्यांकडं गेलं. बुटक्या गाडीवर त्यानं ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी दोरीनं बांधली.

मला कोणी काही बोललं नाही. माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लेकरू वाचलं माझं, पोरीला काहीच झालं न्हाई." ते ऐकलं की मला उठून आत जावंसं वाटायचं. मी फोन केला नसता, बहिणीसारख्या मैत्रिणीकडं हिंगोलीतच मुक्काम केला असता, बूथवाल्यानं "लाइन लागत नाही" म्हटलं असतं, असं काय काय माझ्या मनात चालायचं. दादा माझ्याशी पहिल्यासारखाच वागायचा. उलट जास्तच चांगला. त्यानं एकदा तरी चिडावं असं मला वाटायचं.

एका रविवारी मी गॅरेजमागं गेले तर ताडपत्रीची एक बाजू उचललेली होती. दादा गाडीत बसला होता. गाडी बंदच होती. तो दुसरा टाकायचा आणि तिसऱ्याकडं न्यायचा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा वर ढकलत उजवीकडं सरकवावा लागतो. तो मनगटाचाच खेळ, आणि त्याचा हात तिथं वळत नव्हता. दांडा सरळ वर जाऊन दर वेळी पहिल्यात पडत होता. पळत्या गाडीत असं झालं तर गिअरबॉक्सच फुटायचा. त्याची पाठ माझ्याकडं होती. मी आवाज न करता परत फिरले.

त्या सुमारास मी हिंगोलीत एका मिस्त्रीच्या लेथवर काम शिकत होते. वयस्क मुसलमान माणूस. पोरगी लेथ चालवते म्हणून लोक बघायला यायचे, तेव्हा तो शटर अर्धं खाली ओढायचा. मी त्याला म्हटलं, "चाचा, गिअरचा दांडा बनवायचाय."

"ट्रॅक्टरचा?"

"शर्यतीच्या गाडीचा."

त्यानं यंत्र बंद केलं. "कामाचे तास सोडून कर. लोखंड खराब झालं तर तुझं."

शर्यतीच्या गाड्यांचा दांडा आखूड असतो, हे मी दादाच्याच तोंडून ऐकलं होतं. दांडा मधे एका गोळ्यावर टेकलेला असतो. वरचं टोक हातात, खालचं टोक गिअरबॉक्समध्ये. गोळ्याच्या वरचा भाग कमी केला आणि खालचा वाढवला की हाताला अंतर कमी पडतं, गिअर झटक्यात बदलतो. मी तसाच केला. जुन्या दांड्याची मापं घेतली, गोळा घासून गुळगुळीत केला, वर छोटी पितळी मूठ बसवली. आजवर केलेलं सगळ्यात देखणं काम होतं ते. दादानं तो हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि म्हणाला, "भारी झाला गं."

त्यानं तो त्याच दिवशी बसवला आणि गॅरेजसमोरच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणली. "एकदम भारी," पुन्हा म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय चुलीशी बसून त्याच्या मनगटाला गरम हळदीचा लेप लावत होती. मनगट सुजून पुरीसारखं झालं होतं. मला बघून दादानं हात मागं घेतला.

"कशानं झालं?" मी विचारलं.

"झोपेत अंगाखाली आला," तो म्हणाला.

मला कळलं. दार कडीजवळ धरून लावलं तर हलकं जातं, बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो. आखूड दांड्याचं तेच होतं. अंतर कमी केलं तेवढा जोर वाढला होता, आणि तो सगळा जोर मी त्याच्या मोडक्या मनगटावर टाकला होता. मला वाईट वाटू नये म्हणून तो ती गाडी फिरवत राहिला होता. म्हणजे मी त्याचा हात दुसऱ्यांदा दुखावला होता, आणि वर त्याच्याकडून शाबासकीही घेतली होती.

यानंतर मी दांड्याकडं न बघता दादाकडं बघायला लागले. तो गॅरेजचं जड दार कसं लोटतो, गोठ्यात बैलाला बाजूला कसं सारतो. बैलाला तो डाव्या हातानंच सारायचा, पण तळहाताच्या मुळानं, खांद्यातून जोर लावून. खांद्याला काहीच झालेलं नव्हतं. बादली उचलताना तो मूठ आवळायचा नाही, चार बोटं आकड्यासारखी अडकवायचा आणि ओढायचा. ढकलणं होतं, ओढणं होतं. फक्त आवळणं आणि वळवणं गेलं होतं.

मग मी एक तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काठी, घेतली आणि दादा स्टिअरिंग धरून बसला असताना तिचं एक टोक गिअरबॉक्सवर टेकवून दुसरं त्याच्या तळहाताखाली येईल तिथं मोडलं. एवढा उंच दांडा. स्टिअरिंगच्या जवळजवळ बरोबरीनं. उंच दांड्याला अंतर जास्त लागतं, पण जोर कमी. आणि हात स्टिअरिंगवरून खाली न्यावा लागत नाही, नुसता बाजूला सरकवायचा. मूठ मी लाकडाची केली, भुईछत्रीसारखी पसरट. वरून तळहातानं ढकलायची, मागून बोटं अडकवून ओढायची. दांडा ज्या कड्यांत बसतो ते झिजलेले बुश काढून पितळेचे नवे कातले, म्हणजे दांडा डुगडुगणार नाही. आतून एक स्प्रिंग लावली, ती दांड्याला आपोआप उजवीकडं, तिसऱ्याच्या बाजूला ढकलायची. आणि पहिल्या गिअरच्या वाटेवर एक पट्टी. सुटताना पहिला टाकायचा, दुसऱ्यात आलं की पट्टी खाली पडायची आणि पहिल्याची वाट बंद व्हायची.

हे एका दमात झालं नाही. स्प्रिंग आधी इतकी कडक झाली की दुसरा पडेना. पट्टी दोनदा तुटली. मिस्त्री शेवटी म्हणाला, "बेटी, इतनी तकलीफ तर लोक स्वतःच्या गाडीसाठी घेत न्हाईत." मी म्हटलं, "माझीच आहे समजा."

सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. बापानं कुरकुरत एका तुकड्यात गाडी फिरवायला परवानगी दिली. दादानं कडेकडेनं जुने टायर ठेवले. मी आणि माय बांधावर उभ्या राहिलो. पहिली फेरी त्यानं सावकाश घेतली. दुसऱ्या फेरीला इंजिनाचा आवाज चढला, क्षणभर पडला आणि पुन्हा चढला. दुसऱ्यातून तिसरा. मी कान देऊन ऐकत होते. पुढच्या टायरपाशी पुन्हा आवाज खाली, पुन्हा वर. एकदाही अडखळला नाही. धुरळ्यात फक्त त्याचं डोकं दिसत होतं. तो इतक्या जोरात फिरवत होता की माय पदर तोंडावर धरून माझ्या दंडाला घट्ट पकडून उभी होती.

गाडी थांबली. तो उतरला नाही. मी धावत गेले.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई. लोण्यावानी पडून राहिला गिअर."

"मग उतर की."

तो समोर बघत होता. हात अजून त्या लाकडी मुठीवर होता. "बायडे, तू हे काहून करून राहिली?"

"तुला पळवायची म्हणून."

"मला पळवायची हाय, ते बराबर. पर तू त्याच्यासाठी न्हाई करून राहिली. मला दिसतं ते."

मी दाराच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिले.

"त्या दिवशी खडी व्हती," तो म्हणाला. "खोटं न्हाई. पर मी ते वळण मुद्दाम जोरात घेतलं. येता-जाता त्या वळणाला मी पाहायचो, किती जोरात निघंल म्हणून. मैदानात घेतो तसं घ्यायचं व्हतं. तू मागं बसलेली व्हती, अन् मला त्याचं भानच न्हाई राह्यलं."

मी पत्र्यावरचा हात काढून घेतला.

"तुला काही झालं असतं तर मी मायला काय तोंड दाखवलं असतं? रोज हे मनात येतं. अन् तू तिकडं लोखंड घासत बसली, माझ्यासाठी. सांगायचं म्हणलं की जीभच उचलंना. तू दांडे करत राह्यली, मी बसवून घेत राह्यलो."

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते सांगते. मला हलकं वाटलं. इतके महिने छातीवर धरलेलं काहीतरी कोणी उचलून घेतल्यासारखं. आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. त्याचा हात तर तसाच होता. तो गुन्हेगारासारखा मान खाली घालून माझ्यासमोर बसला होता, आणि मी मात्र सुटले म्हणून मनात खूश होत होते.

"मी फोन केला नसता तर तू आलाच नसता," मी म्हटलं.

"फोन न्हाई करायचा तर काय रस्त्यावर झोपायचं?" तो म्हणाला. मग विचारलं, "निकाल कवा लागला तुझा?"

"लागला कवाच."

"पास?"

"व्हय."

"घरी सांगितलं न्हाई."

"त्या परीक्षेचं काय सांगायचं?"

त्याच्या धुळीनं माखलेल्या गालावरून पाणी ओघळलं, तेवढीच स्वच्छ रेघ उमटली. माय बांधावरून ओरडून विचारत होती, काय बोलून राहिले रे तुमी. "गिअरचं," दादानं सांगितलं.

शर्यतीला जाताना त्यानं मला बरोबर नेलं. हळदीची पोती वाहणारा एक ओळखीचा ट्रकवाला तिकडं रिकामा चालला होता, त्याच्या ट्रकवर गाडी चढवली. मैदानावर बाकीच्या गाड्या चकचकीत होत्या, रंगवलेल्या. एक जण आमच्या गाडीत डोकावून म्हणाला, "हे काय, एसटीचा दांडा बसवला काय?"

"व्हय," दादा म्हणाला. "तिकीट काढून बसा."

तो मजेत होता. मी मैदानाच्या कडेनं चालत गेले आणि सगळ्यात अवघड वळण निवडलं. लांबची सरळ वाट संपून गाडी तिथं एकदम डावीकडं वळायची, तिसऱ्यातून दुसऱ्यात. माझा दांडा चालतो की नाही ते तिथंच कळणार होतं. बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अगदी जवळ उभी राहिले, वळणाच्या बाहेरच्या बाजूला.

दादाची गाडी सुटली. आवाजावरूनच मला सगळं कळत होतं. पहिला, दुसरा, तिसरा. लांबची दोन वळणं त्यानं अशी घेतली की शेजारचा माणूस शीळ घालून म्हणाला, "कोण आहे रे हा?" मग गाडी सरळ वाटेला लागली, थेट माझ्याकडं तोंड करून. ती मोठी मोठी होत आली. आणि माझ्या तोंडून हळू आवाजात निघून गेलं, "हळू. दादा, हळू."

जणू ऐकलंच असं तो हळू झाला. वळण यायच्या पुष्कळ आधी आवाज खाली आला, दुसरा गिअर सावकाश पडला, बैलगाडी वळवावी तशी गाडी वळली आणि मग पुन्हा सुसाट पुढं गेली. मी घट्ट धरलेली दोरी सोडली.

दुसऱ्या फेरीला मी तिथंच उभी होते. तो बाकी सगळीकडं धावला आणि माझ्या वळणावर पुन्हा तसंच. शेजारचा माणूस म्हणाला, "सगळं घेतो चांगलं, इथंच घाबरतो." दादाचा नंबर पहिल्यासारखाच, मधे कुठं तरी लागला.

परतीच्या वाटेवर आम्ही ट्रकच्या केबिनमध्ये बसलो. ट्रकवाल्यानं विचारलं, "कितवा आला?" दादा म्हणाला, "आला की एक." ट्रकवाला हसला आणि आपल्या नादात गाडी हाकत राहिला.

बऱ्याच वेळानं दादा मला म्हणाला, "दांडा बराबर चालला. हात बी न्हाई दुखला."

"मग त्या वळणावर?"

"तिथं काहून उभी व्हती तू?"

"जवळून दिसतं म्हणून."

"मला बी तूच दिसत व्हती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पाय आपोआप उचलला गेला. खडी असती मधी तर?"

एवढे महिने खपून मी त्याला दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची वाट करून दिली होती, आणि स्वतःच नेमकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले होते. ते 'हळू, दादा, हळू' मी मनापासून म्हटलं होतं. तेही त्याला सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी जायची वेळ आली तेव्हा त्यानं विचारलं, "येऊन राहिली ना?" मी म्हटलं, मिस्त्रीकडं मोठं काम आलंय, सुट्टी नाही. तो एकटाच गेला आणि तिसरा आला. चहाच्या कपाएवढा एक करंडक घेऊन आला. मायनं तो भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि बापानं आल्या-गेल्याला स्वतःहून दाखवला. त्यानंतर लवकरच दादानं स्वतःचं गॅरेज टाकलं, गाडी परभणीच्या एका हौशी माणसाला दिली, आणि शर्यती मागं पडल्या.

पण करंडक आणला त्या दिवशी तो जेवताना पुन्हा ताटाभोवती बोट फिरवत एकेक वळण सांगत होता. सगळे ऐकत होते, मीसुद्धा. सांगून झाल्यावर तो मला म्हणाला, "तू यायला पाह्यजे व्हतं."

"काम होतं," मी म्हटलं.

काम नव्हतं. शर्यतीच्या दिवशी मिस्त्रीचं शटर बंदच होतं आणि मी घरात मायजवळ शेंगा सोलत बसले होते.